ओठामागची शिवण

मास्तर कपडे बेतायचे, बायको काज-बटण बघायची. दुकानाच्या पायरीवरून पडून तिचे खालचे पुढचे दात गेले, आणि मागोमाग तिथलं हाडही झिजलं. डॉक्टरीणबाईंनी जबड्याच्या मागच्या भागातून हाडाची चकती काढली, पुढे बसवली, बारीक स्क्रूने आवळली आणि वरून हिरडी शिवून टाकली.

"या हाडाने जीव धरला तर दात बसतील," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ओठ ओढून टाके बघायचे नाहीत. कुणीही."

कुणीही म्हणजे आपण सोडून, असा मास्तरांनी अर्थ घेतला.

"दाखव गं जरा."

तिने मान हलवली. नाही.

"अगं, दुसऱ्याच्या हातची शिलाई. नजरेखालून नको घालायला?"

तिने ओठ खाली धरला. मास्तरांनी चष्मा नाकावर घेतला.

"हात साफ आहे बाईंचा. टाके मात्र फार जवळजवळ. कड चुरगळायची."

ती हसली. हसायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. काळजीपोटीच हो, दुसरं काय!

मग शिवण उसवली.

हे वाक्य सरळ आलं नाही. पुन्हा घालू.

मास्तरांनी शिवण उसवली.

"ओठ ओढला होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जांभई आली मोठी," बायको घाईघाईने म्हणाली.

"मी ओढायला लावला," मास्तर म्हणाले. "पुन्हा टाचता येईल ना?"

"आता टाचलं तर कड फाटेल. तोंड स्वच्छ ठेवा. हिरडी आपली आपण भरू द्या. हाड उघडं पडलं नाही, एवढं नशीब."

आपली आपण! हात न लावता काही नीट होतं, हे मास्तरांच्या डोक्यात शिरेना. पण नजर त्यांनी आवरली. तिला मऊ भात भरवतानासुद्धा वर बघायचे.

"अहो, तोंड खाली आहे. कपाळात घालताय घास?"

"जास्त बोलू नकोस."

महिने गेले. गिऱ्हाइकांची मापं ते दोनदोनदा घ्यायचे, कुणी विचारलं तर म्हणायचे, वय झालं.

नव्या दातांसाठी हाडात खिळा बसवायच्या दिवशी मास्तर बाहेर बाकावर. टेकले नव्हते, नुसते टोकाला. दार उघडलं.

"स्क्रू काढला, हाडाला भोक पाडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि हाडातून रक्त आलं."

मास्तर पांढरेफटक.

"अहो, चांगलं आहे ते! रक्त आलं म्हणजे हाड जिवंत आहे. तिथलंच झालंय."

मास्तर बाकावर मागे सरकून बसले. डोळे भरून आले, ते पुसायचंही सुचलं नाही.

मागून बायको आली. गाल सुजलेला, जीभ जड. नवऱ्याचा चेहरा पाहून तिला कणव आली. बोटं ओठाकडे गेली.

"बघायचंय?"

"ओठ सोड!"

बाकावरचे सगळे दचकले. मास्तरांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.