चष्म्याचं घर

शिट्टी आपल्यासाठी वाजतेय हे तिच्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

“ड्रायव्हरबाई, तुम्हालाच थांबवतायत. घ्या, बाजूला घ्या.”

तिने आरशात पाहिलं. चौकातला हवालदार एक हात वर करून मागून पळत येत होता. तिने व्हॅन रस्त्याच्या कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि हातातलं चष्म्याचं घर समोर काचेखाली ठेवून दिलं. मागे इस्पितळात पोचवायच्या चादरींचे गठ्ठे होते. इस्त्रीची ऊब अजून त्यांच्यात होती, आणि बंद गाडीत साबणाचा वास दाटून आला.

म्हातारा तिचा बाप होता. पण ही गोष्ट त्या गाडीत तिला एकटीलाच माहीत होती.

गेल्या वर्षापासून हे असं होतं. आधी तो गल्ल्या विसरला, मग महिने विसरला, मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, “बाई, तुमचे फार उपकार आहेत. आमची ठकी आली की तिला सांगतो तुमच्याबद्दल.” ठकी म्हणजे तीच. लहानपणी बाहुलीएवढी होती म्हणून ठकी. त्रेपन्न वर्षांची ठकी तेव्हा ओट्याशी उभी राहून त्याच्याच डब्याची पोळी लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं नाही. “सांगा हं,” एवढंच म्हणाली.

त्याची सगळी नोकरी भुईकाट्यावर गेली होती. मालाने भरलेला ट्रक जमिनीतल्या लोखंडी पाट्यावर येऊन उभा राहायचा आणि हा आतल्या खोलीतून वजन पुकारायचा. आयुष्यभर ड्रायव्हर लोकांतच वावरला. त्यामुळे स्टिअरिंगमागे बसलेलं माणूस म्हणजे ड्रायव्हर, यात त्याला काही नवल वाटत नसे. बायको गेली, मुलगी शिकायला बाहेरगावी आहे, आणि ही एक भली बाई आपल्याला गाडीतून फिरवते, असा त्याने आपल्यापुरता जगाचा हिशेब लावून घेतला होता. ‘बाबा’ ही हाक मात्र त्यात खपून गेली. म्हाताऱ्या माणसाला कुणीही बाबा म्हणतं.

तिचा नवरा कारखान्यात रात्रपाळीला. सकाळी तो सासऱ्याला आंघोळ घालायचा, गप्पा मारायचा, आणि दुपारी त्याला झोप हवी असायची. म्हणून दुपारच्या फेरीला बाबा व्हॅनमध्ये. लाँड्रीच्या मालकिणीने पहिल्या दिवशी कपाळाला आठी घातली होती. मग म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहून, “गाडी बरोबर भरलीय. वजन एका अंगाला नाही,” असं प्रमाणपत्र दिलं, तेव्हापासून तीच विचारायची, आज आले नाहीत का तुमचे इन्स्पेक्टर?

दुपारच्या फेरीत एकच अडचण असायची. चारच्या सुमाराला त्याला ठकीची आठवण यायची. पहिल्यांदा तिने खरा फोन त्याच्या कानाला लावून दिला होता आणि आपण आतल्या खोलीत जाऊन बोलली होती. त्याला फोनमधलं नीट ऐकू येईना, भिंतीपलीकडचं मात्र आलं. आपली मुलगी या घरात कुठेतरी कोंडून ठेवलीय असं वाटून त्याने दारं बडवली. त्यानंतर तिने दुसरी युक्ती काढली. निरोप्याचं काम. तो सांगायचा, ही ‘फोनवर’ विचारायची आणि उत्तर त्याला सांगायची. साबणाची वडी, रिमोट, टीव्हीशेजारचा कंगवा, हाताला येईल ते कानाला लावलं की चालायचं.

गाडी चालवताना ती नुसतं तोंडानेच बोलायची. आज तो अडून बसला होता. “फोन कुठाय? हवेशी बोलताय होय? मला काय खुळा समजलात?” आवाज चढला, हात पट्ट्याच्या बक्कलकडे गेला. चालत्या गाडीत पट्टा सोडून दार उघडायला त्याने एकदा कमी केलं नव्हतं. तेव्हा तिने समोरचं चष्म्याचं घर उचललं आणि कानाला लावलं. “हॅलो, ठकी? अगं, बाबा विचारतायत, जेवलीस का?”

तेवढ्यातच शिट्टी वाजली होती.

“परवाना.”

हवालदार खिडकीशी आला तेव्हा धापा टाकत होता. पन्नाशीचा माणूस, सर्दीने आवाज बसलेला, मिशीवर घाम. परवाना उलटसुलट करून पाहत त्याने विचारलं, “फोन कुठाय?”

“मागे आहे, पिशवीत. मी फोनवर नव्हते, साहेब.”

“मी आंधळा आहे का? कानाला लावून हसत होता तुम्ही. चांगल्या गप्पा चालल्या होत्या.”

“ते हे होतं.” तिने चष्म्याचं घर दाखवलं.

हवालदाराने ते पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. “वीस वर्षं रस्त्यावर आहे, ताई. कान खाजवत होते, दात दुखत होता, आई गेली म्हणून कळवत होते, सगळं ऐकलंय. चष्म्याच्या घराशी बोलणारं पहिलंच गिऱ्हाईक.” तो हसला नाही. “या चौकात फोनवर सापडला की परवाना जागच्या जागी जमा. तीन महिने. माहितीय ना?”

तिला माहीत होतं. तीन महिने व्हॅन नाही म्हणजे व्हॅनवर दुसरं कुणीतरी येणार, आणि आलेलं माणूस जागा सोडत नाही. तिने आवाज खाली आणला. “साहेब, जरा मागे येता का? सांगते तुम्हाला.”

“इथंच सांगा.”

इथंच तर सांगता येत नव्हतं. बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. गळ्यापर्यंत लावलेली बटणं, मांडीवर दोन्ही हात. काट्याच्या खोलीत बसायचा तसाच.

“साहेब,” तो म्हणाला, “खोटं कशाला बोलायचं? बाई फोनवर बोलत होती.”

“बाबा...”

“थांबा हो. मी बघितलं ते बघितलं.” त्याने हवालदाराकडे वळून ठामपणे सांगितलं, “बोलत होती. पण चूक तिची नाही, माझी आहे. मीच लावायला सांगितला. माझ्या मुलीला.”

हवालदाराची भुवई वर गेली. “झालं की मग. तुमचाच माणूस साक्ष देतोय, ताई.”

त्या क्षणी तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. या माणसाने उभ्या आयुष्यात काट्याचा आकडा कुणासाठी इकडचा तिकडे केला नव्हता. आता पोटच्या पोरीसाठी करील, ही अपेक्षाच चुकीची होती. आणि ती त्याची पोरगी तरी कुठे होती?

“फोन दाखवा,” हवालदार म्हणाला.

ती उतरली. मागचं दार उघडून गठ्ठ्यांखालची पिशवी ओढली, फोन उघडून त्याच्या हातात दिला. तो बाबाच्या खिडकीशी येऊन बघू लागला. बोटाने एकदा वर सरकवलं, एकदा खाली. कपाळाला आठ्या पडल्या.

“सकाळपासून एकच कॉल आहे. लाँड्रीचा. आजोबा, यात तुमच्या मुलीचा फोन नाहीच.”

“नाही?”

“नाही ना. दुपारी कुणालाच लावलेला नाही.”

बाबाच्या चेहऱ्यावरचा ठामपणा हळूहळू उतरला. त्याने तिच्याकडे पाहिलं. भरल्या बाजारात हात सुटलेलं पोर पाहतं तसं.

“मग... जेवली म्हणाली ती? परीक्षा जवळ आलीय म्हणाली काल. ते कोण बोललं?” त्याने खिडकीची कड घट्ट धरली. “बाई, तुम्ही मला फसवता? माझी पोरगी कुठाय? बरी आहे ना ती? काही झालंय का तिला? मला कुणी सांगत का नाही?”

बक्कल सुटल्याचा आवाज आला.

हवालदाराच्या हातात तिची सुटका होती. फोन स्वच्छ होता. नुसतं गप्प राहिली असती तरी पुरत होतं.

“मी बोलत होते, साहेब,” ती म्हणाली. “आत्ताच बोलले ठकीशी. तुम्ही धावत येताना दिसलात तसा कॉल पुसून टाकला मी. घाबरले.”

“अहो, मघाशी तर...”

“मघाशी खोटं बोलले. बाबा खरं सांगतायत.” मग खिडकीत वाकून, “ठकी छान आहे, बाबा. जेवली. संध्याकाळी परत बोलू म्हणाली.”

बाबाचा श्वास शांत झाला. तो सीटला टेकला. “बघा,” हवालदाराला म्हणाला, “मी सांगत होतो.” पण आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, नुसता थकवा होता.

हवालदाराने परवाना खिशात टाकला. “चला मागे,” तिला म्हणाला.

उघड्या दाराच्या आडोशाला तिने त्याला सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. ठकी कोण, हे सांगताना तिने नुसता हात छातीला लावला.

तो चादरींकडे बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर रुमाल काढून त्याने बराच वेळ नाक पुसलं. सर्दी होतीच म्हणा.

“मागल्या महिन्यात या चौकात एका शाळकरी पोरीला उडवलं,” तो म्हणाला. “चालवणारा फोनवर होता. मी उचललं तिला. जगली, पण... तेव्हापासून कुणाचा हात कानाला गेला की डोकं फिरतं माझं.”

“बरोबर आहे तुमचं. फोन नव्हता, पण स्टिअरिंगवरून हात सुटलाच होता माझा. लक्षही सगळं त्यांच्याकडे.”

“हां. तेच म्हणतोय.” त्याने परवाना तिच्या हातात ठेवला. “लिहू काय पण? चष्म्याच्या घराला कलम नाही आमच्या पुस्तकात. गाडी उभी करत जा, ताई. कडेला घ्यायची, मग हवं तेवढं बोला. दहा मिनिटं उशीर झाला तर चादरी काही रडत नाहीत.”

ती काही बोलणार तेवढ्यात पुढून हाक आली. “साहेब! अहो साहेब, जरा इकडे.”

हवालदार खिडकीशी गेला. ती गठ्ठे सारखे करायच्या निमित्ताने मागेच थांबली. मधला पडदा कापडाचाच होता. सगळं ऐकू येत होतं.

“तिचा परवाना घेऊ नका,” बाबा म्हणत होता. “मी हजारो ड्रायव्हर बघितलेत. दारू पिऊन येणारे बघितले, काट्यावर गाडी अर्धी ठेवून वजन चोरणारे बघितले. ही बाई तसली नाही. खड्डा आला की आधी सांगते, धरून बसा म्हणते. माझं नाक पुसते. परवा माझं कापड खराब झालं, साहेब. तोंड वाकडं नाही केलं तिने.”

“हो का.”

“हो तर.” मग त्याने आवाज खाली आणला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा खालचा आवाज तो, रस्त्यापलीकडे जाईल एवढा. “आमच्या ठकीला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल. फोनवर गोड बोलते, जीव आहे तिचा माझ्यावर, नाही असं नाही. पण येत नाही हो. ही रोज येते. हिच्याइतकं ठकी नाही करत.”

पुढून हवालदाराने नाक ओढल्याचा आवाज आला.

“नाही ना सांगणार?”

“नाही सांगणार, आजोबा.”

“शब्द?”

“शब्द.”

मागे तिने एक गठ्ठा उचलून दुसऱ्या जागी ठेवला, आणि तोच परत पहिल्या जागी आणून ठेवला. मग दार लावलं. ती पुढे आली तेव्हा हवालदाराने तिच्याकडे न बघता बाबाचा पट्टा ओढून बक्कल लावलं, एकदा खेचून पाहिलं, आणि रस्त्याच्या मध्यभागी जाऊन मागची सगळी वाहनं हात आडवा करून थांबवली. मोकळ्या रस्त्यावर तिची व्हॅन एकटीच निघाली.

पुढच्या वळणावर एका शाळेची लांब भिंत होती. तिच्या सावलीत तिने गाडी पुन्हा उभी केली. गिअर नीट पडत नव्हता.

“घाबरलात,” बाबा म्हणाला. “पहिल्यांदा पोलिसाने धरलं की होतं असं. आमच्याकडे तर चांगले मिशीवाले गडी रडायचे.” त्याने पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली. झाकणाशी झटापट केली. निम्मं पाणी त्याच्या गुडघ्यावर सांडलं, ते त्याच्या ध्यानीही आलं नाही. तिचा हात पुढे गेला होता. तिने तो मागे घेतला.

“घ्या. सावकाश. एकदम पिऊ नका.”

ती सावकाश प्यायली.

“तुम्हाला वडील आहेत?” त्याने विचारलं.

“आहेत.”

“कसे आहेत?”

“बरे आहेत. थोडं विसरतात.”

“वयाचं असतं ते.” त्याने समजुतीने मान हलवली. “जात जा त्यांच्याकडे. माझ्यामुळे तिकडे आबाळ नको व्हायला. म्हातारी माणसं बोलून दाखवत नाहीत.”

“जाते. रोज जाते.”

“मग झालं.”

तिने बाटली त्याच्या हातात परत दिली. तो झाकण लावू लागला. आटे काही जुळेनात. एकदा तिरकं बसलं, काढलं, पुन्हा लावलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. इंजिन बंद ठेवून ती बसून राहिली, त्याचं होईपर्यंत.