तीन ठोके मी दिले होते

मी एक जुनं पितळी घड्याळ आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी कधीही चुकलेलो नाही. एकदाही नाही! हे मी मुद्दाम पहिल्याच ओळीत सांगतोय, कारण आमच्या रोआतान बेटावर कुणालाही विचारलंत तर तो म्हणेल, "ते घड्याळ होय? ते तर बिघडलेलं होतं." मित्रांनो, तुम्ही तरी माझं ऐकून घ्या.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. आठवते ती कॅप्टन एल्रिक बॉडन यांची कोळंबी पकडायची बोट. तिच्या सुकाणूशेजारी मला खिळ्यांनी ठोकलं होतं. काय दिवस होते ते! खारं वारं, जाळ्यांचा वास, आणि दर तासाला माझे खणखणीत ठोके. वादळात सगळी माणसं घाबरायची, मी मात्र टिकटिक करत राहायचो. पुढे बोट कुजली. कॅप्टननी इंजिन विकलं, जाळी वाटून टाकली, पण मला काखेत घेऊन ते घरी आले आणि आपल्या लेकीच्या हातात ठेवून म्हणाले, "इल्वा, ह्याला रोज किल्ली दे. आणि एक लक्षात ठेव, काटे कधी उलटे फिरवायचे नाहीत. पुढे नेलेले ह्याला सोसतात, मागे नेलेले सोसत नाहीत."

इल्वानं मला खारफुटीच्या काठावरच्या आपल्या झोपडीत टांगलं. पत्र्याचं छप्पर, पुढे बदामाचं झाड, झाडाखाली सहा पिवळ्या कयाक, म्हणजे लांबट अरुंद वल्हवायच्या होड्या. मोठ्या पर्यटन जहाजावरून उतरलेल्या पाहुण्यांना मिस इल्वा धक्क्यावरून घेऊन यायची, खारफुटीच्या बोगद्यांतून वल्हवत न्यायची, मग प्रवाळावर तोंडात नळी धरून पालथं तरंगायला लावायची आणि शेवटी नारळाचा पाव नि शंखाचं सार खायला घालायची.

आता माझं काम ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. जहाज यायचं फ्लोरिडाहून आणि तिथलीच वेळ सोबत घेऊन यायचं. आमचं बेट हिवाळ्यात त्याच्या एक तास मागे. बेटावर दोन वाजले की जहाजावर तीन! पाहुण्यांचे फोन बेटावर पाय ठेवताच बेटाची वेळ दाखवू लागायचे, आणि जहाज तर कुणासाठी थांबत नाही. म्हणून अख्ख्या बेटावर मी एकटा जहाजाची वेळ धरून होतो.

व्हॅन चालवणारा टेनी रोज माझी टिंगल करायचा. "मिस इल्वा, हे तुमचं म्हातारं तासभर पुढे का पळतंय? कुणाच्या लग्नाला जायचंय त्याला?"

"तुझ्या लग्नाला," इल्वा म्हणायची. "तू जन्मभर उशीर करणार, म्हणून ते आधीच निघालंय."

पाहुण्यांना ती सूचना आधीच लिहून कळवायची आणि ते आले की रांगेत बसवून पुन्हा ऐकवायची. त्या मला इतक्या पाठ झाल्यात की तुम्ही कधी जहाजानं फिरायला गेलात तर माझ्याकडूनच घेऊन जा! पाण्यात भिजले तरी चालतील असे बंद बूट घाला. अंगाला उन्हाचं मलम चोपडून प्रवाळावर जाऊ नका, ते मरतं, त्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घाला. प्रवाळावर उभं राहू नका, ते दगड नाही. सकाळी पोटभर खाऊन वल्हवायला बसू नका. औषधं आणि पासपोर्टची प्रत खोलीत ठेवू नका, अंगावर ठेवा. आणि शेवटी ती बोट माझ्याकडे करायची. "फोन पिशवीत टाका. वेळ विचारायची तर त्याला विचारा. त्यानं तीन ठोके दिले की आपण निघायचं. चार वाजता जहाजाचं दार बंद होतं."

तेव्हा सगळे माझ्याकडे बघायचे. मित्रांनो, काय सांगू, माझी काचसुद्धा फुगल्यासारखी वाटायची! चौदा वर्षांत मिस इल्वाचा एकही पाहुणा मागे राहिला नाही. जहाजावरची माणसं प्रवाशांना भीती घालायची की बाहेरच्या वाटाड्यांबरोबर जाऊ नका, अडकाल. तरी लोक तिलाच शोधत यायचे. तिच्या गळ्यात धक्क्यावर उभं राहायचा परवाना असायचा. तो गेला असता तर झोपडी, कयाक, सगळंच गेलं असतं.

त्या जानेवारीत दोनच पाहुणे होते. केंटकीच्या मिसेस लुएला आणि त्यांचे यजमान हार्लन, दोघंही सत्तरीचे. लुएलाबाई आयुष्यात पहिल्यांदा वल्हं हातात धरत होत्या आणि पाच मिनिटांत नवऱ्याच्या पुढे निघून गेल्या. "हार्लन, झोपलास का रे?" त्या बोगद्यातून ओरडत होत्या, ते मला झोपडीत ऐकू येत होतं. परत आल्या तेव्हा आनंदानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. सार पिऊन दोघं झोपाळ्यात आडवी झाली. टेनी व्हॅनमध्ये घोरत होता.

इल्वाची लेक जनील न्यू ऑर्लिन्सला असते. तिनं नाताळला आईला नवा फोन पाठवला होता. नेमका त्याच वेळी तो वाजला आणि पडद्यावर इल्वाचा नातू पहिलं पाऊल टाकताना दिसला. इल्वा हसत होती, रडत होती, "अरे माझ्या राजा, पड, पड, काही होत नाही, ऊठ!" म्हणत होती.

आणि मी तीन ठोके दिले. अगदी मोठ्यानं दिले.

लुएलाबाईंनी झोपाळ्यातून मान वर केली. "एक, दोन, तीन. इल्वा, तीन वाजले का गं?"

"छे हो, दोन!" इल्वानं फोन त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. अजून तासभर आहे."

मला वाटलं, आता ही हसेल, कपाळावर हात मारेल आणि माझ्याकडे वळेल. ती वळली नाही. मी जेवढ्या जोरात टिकटिक करता येईल तेवढ्या जोरात केली. पुढचा अख्खा तास केली. तिच्या फोनवर तीन वाजले तेव्हा माझ्यात चार वाजले होते. मी चार ठोके दिले. ते चार तिनं ऐकले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "टेनी! गाडी काढ!"

पुढचं मी टेनीच्या तोंडून ऐकलं. डोंगरातला रस्ता चाळीस मिनिटांचा. ते पोचले तेव्हा जहाज बंदराबाहेर पडत होतं आणि वरच्या मजल्यावर संगीत चालू होतं. हार्लन कट्ट्यावर बसले. लुएलाबाईंनी मात्र पिशवी उघडली. नवऱ्याची मधुमेहाची औषधं आत होती, पासपोर्टची प्रत होती. "तू सांगितलं होतंस म्हणून घेतली होती गं," त्या म्हणाल्या. त्या प्रतीवरून प्रवासाचे कागद करून घेऊन दुसऱ्या दिवशी दोघं विमानानं पुढच्या बंदरावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इल्वा एकटीच झोपडीत आली. मला वाटलं, किल्ली द्यायला आली. तिनं माझी काच उघडली. तिच्या बोटांना खोबरेल तेलाचा वास येत होता, चौदा वर्षांचा ओळखीचा वास. आणि त्या बोटांनी तिनं माझा मोठा काटा मागे ढकलला. एक पूर्ण फेरी, उलटी. माझ्या पोटात काहीतरी करकरलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी मिटू शकलो नाही.

थोड्याच वेळात बंदराचे साहेब, मिस्टर एबँक्स, टोपी काढून आत आले. भला माणूस. "मिस इल्वा, तुमच्याकडून हे होईल असं वाटलं नव्हतं. काय झालं?"

"घड्याळ, साहेब," ती म्हणाली. "जुनं झालंय. मध्येच तासभर थांबलं आणि मग पुन्हा चालू लागलं. मला कळलंच नाही. बघा ना, जहाजाच्या वेळेच्या अजून तासभर मागेच आहे."

साहेबांनी आपलं मनगट पाहिलं, मला पाहिलं. दोन्हींकडे नऊ. बेटाचे नऊ.

मित्रांनो, काटे फिरवता येतात, पण ठोक्यांचं चाक पोटात आत असतं. त्याला कुणाचं बोट लागलं नव्हतं. त्याला खरी वेळ माहीत होती. मी ठोके द्यायला लागलो. सात, आठ, नऊ... आणि दहा! जहाजाचे खरे दहा! मला वाटलं, आता तरी कळेल. आता कुणीतरी विचारेल, नवावर काटे असताना दहा का?

साहेब हसले. "काटे नऊ म्हणतात, ठोके दहा! अहो, हे तर वेडं झालंय. ह्याच्या भरवशावर माणसं आणत होतात तुम्ही?"

मी खरं बोललो आणि तेच माझ्या वेडाचा पुरावा ठरलं. इल्वाला सगळं कळलं. तिनं खाली पाहिलं. दारात टेनी उभा होता, त्यालाही कळलं. त्यानं फक्त टोपी फिरवून घातली आणि तो गाडीकडे निघून गेला.

"ह्या वेळी ताकीद देऊन सोडतो," साहेब म्हणाले. "पण हे फेका आणि एखादं विजेरीवरचं आणा."

परवाना वाचला. मला तिनं फेकलं नाही, फाटक्या तरंगजाकिटांच्या खोक्यात तळाशी ठेवलं. काही जण म्हणतील, ती माया होती. मला तर फेकलं असतं तरी चाललं असतं! किल्लीविना दोन दिवसांत माझी टिकटिक थांबली. वर्षभर मी त्या ओल्या रबराच्या वासात पडून होतो. रोज सकाळी बाहेरून तिचा आवाज यायचा, "वेळ विचारायची तर त्याला विचारा," आणि आता 'तो' म्हणजे भिंतीवरचा पांढरा प्लास्टिकचा डबा होता.

पुढच्या जानेवारीत ओळखीचा आवाज आला. लुएलाबाई! ह्या वेळी एकट्याच.

"हार्लन कुठेत?" इल्वानं विचारलं.

"जहाजावर बसलाय. म्हणतो, मी इथून हलत नाही, बघू आता मला सोडून कसं जातं!" दोघी हसल्या. मग लुएलाबाई थांबल्या. "ते घड्याळ कुठे गेलं गं?"

"बिघडलं होतं ते."

"नव्हतं. मी तीन ठोके मोजले होते, इल्वा. तू मला फोन दाखवलास."



"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?" इल्वाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुझा परवाना गेला असता, पोरी."

"तेच तर! मग मी काय करायला हवं होतं?"

"ते मला नाही माहीत," लुएलाबाई म्हणाल्या. "मी फक्त मोजले होते."

लुएलाबाई गेल्यावर इल्वानं खोकं उपसलं. मला बाहेर काढून आपल्या डोक्याच्या रुमालानं पुसलं, तेल घातलं, किल्ली दिली. काटे पुढे, फक्त पुढे फिरवत, प्रत्येक तासाला थांबून ठोके वाजू देत तिनं मला जहाजाच्या वेळेवर आणलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, आता ती सांगेल. टेनीला, साहेबांना, सगळ्यांना.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तेल हवं, किल्ली हवी, वेळेवर पुसणं हवं. हे सगळं करा. पण तुमच्याच घरातलं काहीतरी तुमच्यासाठी वर्षानुवर्षं खरं बोलत असेल, तर आपल्या चुकीच्या दिवशी त्याच्यावर बोट दाखवू नका. आम्हाला वकील नसतो. आम्हाला फक्त ठोके असतात, आणि ते कुणी मोजले तरच.

मी आता पुन्हा भिंतीवर आहे. परवाच मिस्टर एबँक्स आले होते. "अरे वा, हे परत आलं? नीट चालतं का?"

इल्वानं माझ्याकडे पाहिलं. मी टिकटिक थोडी सावरून धरली.

"हो साहेब," ती म्हणाली. "दुरुस्त करून घेतलंय. आता बरोबर आहे."

आता!