मगरीचा गाल

माग्दालेना नदीच्या काठावर, आमच्या गावात, बायको कशी भेटली हे जसंच्या तसं सांगणं म्हणजे तिचा अपमान. पण बोगोटाहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना हे कोण सांगणार? डोंगरातली माणसं ती. थंडीनं हसूसुद्धा आखडलेलं.

त्या दिवसांत जाळं उचलायला वाकलो की माझं डोकं फुटायला येई, आडवा झालो की उतरे. एकदा तर पायातलं बळच गेलं आणि होडीत कोसळलो. "सोंगं पुरे, ऊठ," बायको डेल्फिना म्हणाली. पुढे तिचंच नाव मला आठवेना, तेव्हा मात्र तिनं मला शहरात नेलं.

फोटोत मेंदूच्या मधोमध वाटाण्याएवढी गाठ निघाली.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "लाखात एखाद्याला होते. पण मेंदूतल्या पाण्याची वाट अडवून बसलीय. पाणी तुंबलं तर जीव जाईल. कवटीला भोक पाडून बारीक नळीतून काढू. फक्त आठवणींची दोरी तिला खेटूनच आहे. धक्का लागला तर..."

"तर हा मला विसरेल?" डेल्फिनानं विचारलं.

म्हणून आधी परीक्षा. "आजोबा, बायको कुठे भेटली?"

"मगरीवर बसून नदी ओलांडत होती. मी वल्हं पुढे केलं."

बाईंनी कागदावर लिहिलं: गोंधळलेला.

"अहो बाई, चाळीस वर्षं हेच सांगतोय," डेल्फिना म्हणाली. "खरं बोलायला लागला तर घाबरा."

ऑपरेशन झालं. पुन्हा तोच प्रश्न. मी डोक्यात मगर शोधली, सापडेना.

"औषधाच्या दुकानात. तिची दाढ दुखत होती, गाल सुजला होता."

"शाबास!" बाई खुलल्या.

डेल्फिनाचा चेहरा उतरला. "माझा गाल? कधी? बाई, दोरी तुटली हो! मगरच होती!"

आता मी कुणाचं ऐकू? बाईंना दुकान पटलेलं, बायकोला मगर हवी, आणि मला दोन्ही कुणा भलत्याच्याच लग्नातलं वाटत होतं. दोन दिवस डेल्फिना मला मासळीचं सार भरवत होती, पण पाहुण्याला भरवावं तसं.

तिसऱ्या दिवशी चप्पल शोधायला वाकलो. डोकं दुखलं नाही. वाकल्या वाकल्याच ओरडलो,

"अगं, गाल तुझा नव्हे, मगरीचा! दाढ दाखवायला तूच तिला दुकानात आणलं होतंस!"

डेल्फिना हसता हसता रडायला लागली. "आला! आला माझा लबाड!"

बाईंनी उसासा टाकून पुन्हा लिहिलं: गोंधळलेला.

त्यांचं तरी काय चुकलं? ती दाढ शेवटी कुणी उपटली, हे मला अजून आठवत नाही.