गास्तोनेच्या मापाची सायकल

माझ्याकडे बारा सायकली आहेत आणि बायको एकही नाही, हे देलमो त्याच्या बारमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. वर म्हणतो, "बायको केली असतीस ओलिंदो, तर तिनं अकरा तरी विकायला लावल्या असत्या."  त्याची स्वतःची बायको दोनदा माहेरी निघून गेलेली आहे. त्यानं मला शहाणपण शिकवू नये.

पण या वर्षी बारापैकी एक निवडायची होती आणि माझी झोप उडाली होती. जुन्या सायकलींची फेरी पहिल्यांदाच आमच्या कोल्व्हेरो गावातून जाणार होती. सायकल सत्त्याऐंशी सालाच्या आधीची हवी, गिअरच्या कळा फ्रेमच्या नळीवर हव्यात, पेडलला पाऊल बांधायचे चामडी पट्टे आणि अंगात लोकरीची जर्सी. हौशी लोकांचा खेळ आहे, बक्षीस म्हणून चीजचा गोळा मिळतो. मला चीज नको होतं. मला पुलापासून चढण चढून चौकातल्या कारंज्यापाशी सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं. माझ्याच गावात, एकदाच. वय सत्तर. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?

कारंज्याचं हे वेड कुठून लागलं ते सांगतो. मी नऊ वर्षं पगारी शर्यती केल्या, पण जिंकण्यासाठी नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक संघाला एक कॅप्टन असतो आणि बाकीचे त्याचे पाणके. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, वारा आपल्या छातीवर घ्यायचा, कॅप्टनचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. माझा कॅप्टन गास्तोने. शहात्तर साली मोठी शर्यत कोल्व्हेरोतून जायची होती. अशा वेळी एक रीत आहे: ज्याचं गाव येतं त्याला बाकीचे थोडं पुढे सोडतात. त्यानं जावं, थांबावं, आईचा मुका घ्यावा, आणि घोळका आला की पुन्हा त्यात मिसळावं. त्याचा फायदा घेऊन कोणी पळून जात नाही. तसलं करणाऱ्याशी पुन्हा कोणी बोलत नाही.

मला सोडलं. मी पुलावर पोचलो आणि मागच्या गाडीतून आमच्या संघाच्या मुकादमाची हाक आली: गास्तोनेचं चाक फुटलं. मी थांबलो. चाक बदलायलाही वेळ नव्हता, अख्खी सायकलच दिली. आयत्या बिळावर नागोबा बसावा तसा तो बसला आणि गेला. मला दुसरी सायकल मिळून वर पोचेपर्यंत अकरा मिनिटं गेली होती. पोलिसांनी रस्ता मोकळा केला होता, माझ्यापुढे ट्रॅक्टर चालला होता. आई कारंज्यापाशी नव्हती. घरात होती, पाठमोरी.

"थांबला का नाहीस रे?" ती म्हणाली. "एवढ्या लोकांसमोर मी हात पसरून उभी. मान वर करून बघितलंसुद्धा नाहीस."

सायकल माझी, तिच्यावरचा नंबर माझा, जर्सी सगळ्यांची एकच, धूळ ही एवढी. तिनं गास्तोनेलाच मी समजून हाक मारली होती. मी समजावलं, ती हो म्हणाली. पण पुढे कधी बिनसलं की ती ते काढायचीच, आणि वारली तोपर्यंत तिला खरोखर पटलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

तर, या वेळीही आयोजकांनी जुनी रीत पाळायची ठरवली. पुलावरून मला एक मिनिट आधी सोडणार. अडचण होती ती ट्रेव्हिसोच्या दातांच्या डॉक्टरची. वय पन्नास, पोटऱ्या घोड्याच्या, आणि रीतभात शून्य. तो म्हणाला, "मिनिट द्या खुशाल, पण त्यांना धरलं तर मी थांबणार नाही." सरावाला आला तेव्हा देलमोनं बारच्या खिडकीतून घड्याळ लावलं: आठ मिनिटं वीस सेकंद. म्हणजे मला नऊ वीसच्या आत चढायला हवं होतं.

चार दिवस मी सायकली तपासल्या. पुलाजवळ एग्लेचं फ्रेम बांधायचं दुकान आहे. ती खालून फोन करायची, "निघाले हो!" आणि वर देलमो घड्याळ दाबायचा. शर्यतीतली माझी जुनी निळी सायकल: नऊ पन्नास. लाल फ्रेंच: नऊ छप्पन्न. करड्या रंगाची, जिच्यासाठी मी एकदा मिलानला उपाशी गेलो होतो: दहा पाच. बारावी सायकल होती खुद्द गास्तोनेची. तो या वसंतात वारला आणि त्याची बायको इनेस हिनं ती माझ्याकडे पाठवली, सोबत चिठ्ठी: "रविवारी मी कारंज्यापाशी येईन. ही चढताना बघायची आहे." एग्लेच्या वडिलांनीच बांधलेली ती, पिसासारखी हलकी. नऊ एक्केचाळीस.

"सगळ्यात वेगवान गास्तोनेचीच," देलमो म्हणाला. "आणि तिच्यावरूनही तुझे एकवीस सेकंद कमी पडतात. चीज विकतच घे."

चौथ्या दिवशी एग्ले मोटरसायकलवरून माझ्यामागे चढली. वर आल्यावर हेल्मेट काढून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या दुकानात काही फोडलं असावं.

"काका, तुमचं बूड हलतंय. इकडून तिकडे, बदकासारखं."

"सत्तराव्या वर्षी तुझंही हलेल."

"वय नाही हो. सीट उंच आहे. बाराच्या बारा सायकलींची सीट एकाच उंचीवर आहे, आणि ती तुमची उंची नाही. दीड बोट जास्त आहे."

मी भडकलो. माझा राग नाकावर असतो, हे मलाही मान्य आहे. म्हटलं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी याच उंचीवर बसतोय. म्हातारपणी माणूस आखडतो, तेवढंच काय ते. ती वाद घालत बसली नाही. देलमोच्या भिंतीवर माझा शहात्तरचा फोटो आहे, तो खिळ्यावरून काढून तिनं माझ्यापुढे धरला. सत्तावीस वर्षांचा मी, आणि पाय खाली जाताना पाऊल बोटांवर ताणलेलं, कंबर एका बाजूला कललेली. त्या फोटोखाली मी चाळीस वर्षं दारू प्यायलोय.

"ही उंची कोणाची?" एग्लेनं विचारलं.

तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पाणक्यांपैकी एकाची सायकल नेहमी कॅप्टनच्या मापाची ठेवत. वाटेत घ्यायची वेळ आली तर त्याचे पाय लगेच बसावेत. मी उंचीनं त्याच्या सगळ्यात जवळचा, म्हणून मला निवडलं. मला त्याचा अभिमान होता. पहिला महिनाभर गुडघे दुखले, मग दुखायचे थांबले. शर्यती सोडल्या, एकेक सायकल जमवत गेलो, आणि प्रत्येकीची सीट टेप लावून त्याच मापावर चढवत गेलो. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

एग्लेनं माझ्या निळ्या सायकलचा बोल्ट सैल केला, सीट खाली घेतली. मी चढलो. नऊ सत्तावीस.

देलमोनं घड्याळ कानाला लावून पाहिलं.  मी कारंज्याच्या कठड्यावर बसलो आणि आनंद करायचं सोडून हिशेब मांडत राहिलो. पन्नास मिनिटांच्या घाटात तेवीस सेकंदांचे किती होतात, हे मला तोंडी हिशेबानं कळत होतं. त्या काळी माझ्या दोन मिनिटं आधी पोचणाऱ्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

"निळीचे अजून सात सेकंद जास्त आहेत," एग्ले हळूच म्हणाली. "गास्तोनेची खाली घेतली तर वेळेत बसेल."

"तिला हात लावायचा नाही."

"का?"

"इनेस ती बघायला येणार आहे. ती त्याचीच राहू दे."

"मग हरा."

दुसऱ्या दिवशी मी बसनं फेल्त्रेला इनेसकडे गेलो. तिनं कॉफीत न विचारता ग्राप्पाची दारू ओतली आणि समोर बसली. तिच्यापुढे मला कधीच नीट बोलता आलेलं नाही. सीटचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "खाली घेऊ का? दीड बोट. तुझी हरकत असेल तर नाही."

ती हसली, आणि हसता हसता तिनं पदराला हात पुसतात तसे अॅप्रनला हात पुसले.

"अरे वेड्या, ती खालीच होती. शेवटची चार वर्षं त्याचे पाय पुरत नव्हते. दर वर्षी थोडी थोडी खाली घ्यायचा, मी बघत नसताना. तुझ्याकडे पाठवायच्या आधी मी पाना घेऊन पुन्हा जुन्या खुणेवर चढवली. म्हटलं, ओलिंदो पहिल्यांदा तेच बघेल. तुला तो तेवढाच उंच आठवू दे."

मी कॉफी प्यायलो. मग ज्यासाठी खरं तर आलो होतो ते विचारलं. "त्याला माहीत होतं? माझी सीट मला उंच पडते ते?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून. मेकॅनिकनं सांगितलं होतं." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "इथे, या टेबलाशी, पिऊन बोलायचा तो. म्हणायचा, ओलिंदोला त्याच्या स्वतःच्या मापावर बसवला असता तर बाटल्या मला वाहाव्या लागल्या असत्या. मग रडायचा. मी म्हणायची, फोन कर आणि सांग त्याला. म्हणायचा, उद्या करतो."

"फोन करायचा तो," मी म्हणालो. "दर रविवारी. हवेपाण्याचं बोलायचा."

"ठाऊक आहे. मी शेजारीच असायची. खाली घे रे ती सीट. घे आणि जिंक."

परतीच्या बसमध्ये मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. चोर म्हणालो, भित्रा म्हणालो. आणि शिव्या देताना लक्षात आलं की मला त्याच्याशी भांडायचंय, आणि भांडायला तो नाही. तो असता तर मी त्याच रात्री त्याच्या दारात जाऊन त्याची गचांडी धरली असती, मग आम्ही जेवलो असतो. मला त्याची इतकी आठवण आली की मी एक थांबा पुढे जाऊन उतरलो.

रविवारी सकाळी एग्लेनं बोल्ट सैल केला. सीट मी स्वतः खाली दाबली.

पुलावर घोळका थांबला, कोणीतरी ओरडलं, "जा रे आजोबा, आईला नमस्कार सांग!" आणि मी निघालो. खरं सांगतो, तसा मी आयुष्यात कधी चढलो नाही. पाय पुरत होते. खाली जाणारा प्रत्येक पाय तळापर्यंत जोर लावून वर येत होता, कंबर जागेवर होती, आणि छाती फुटायला आली तरी मला हसू येत होतं. म्हणजे असं असतं होय! बाकीच्यांना हे नऊ वर्षं असंच लागत होतं होय! शेवटच्या वळणावर मागून डॉक्टरचा श्वास ऐकू आला. मी दात आवळले. कारंजं आलं तेव्हा तो चार हात मागे होता.

मी ब्रेक लावला. डॉक्टर मान खाली घालून सरळ पुढे निघून गेला, त्याला कुठे थांबायचं होतं? देलमो खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "नऊ सोळा! नऊ सोळा!" लोक टाळ्या वाजवत होते. त्यातले निम्मे परगावचे, मला ओळखत नव्हते. इनेस पुढे आली, माझ्या दोन्ही गालांना ओठ टेकवले आणि म्हणाली, "आलास पहिला." मी पहिला आलो होतो. दहा मोजेपर्यंत मला फार बरं वाटलं.

मग घोळका येऊ लागला. एकेक करत, धापा टाकत, जांभळे, हिरवे, पिवळे. मी त्यांच्याकडे बघत उभा होतो.

"ओलिंदो," इनेस म्हणाली, "हे काय करतोयस?"

मी खाली पाहिलं. मी सायकलवरून केव्हाच उतरलो होतो. एका हातानं सीट धरली होती, दुसऱ्यानं हँडल, आणि सायकल रस्त्याच्या कडेला, पुढे तोंड करून, जरा कलती धरली होती. येणाऱ्यानं नुसती टांग टाकावी आणि निघावं, अशी. पाणक्या कॅप्टनसाठी धरतो तशी.

शेवटचा सायकलवाला गेला. रस्ता खाली वळणापर्यंत मोकळा दिसत होता. इनेसनं माझ्या हातातून सायकल घेऊ पाहिली, मला ती सोडवेना.

"कुणी मागितलीच नाही गं," मी म्हणालो.