पुढच्या गाडीची शेपटी

धुक्यात जीप चालवायची आमच्या पवनानगरची एकच रीत होती. पुढच्या गाडीची शेपटी धरायची. शेपटी म्हणजे तिचा मागचा लाल दिवा. सकाळी दुधाची गाडी कामशेतला निघायची, तिच्यामागं पहिली जीप, तिच्यामागं दुसरी, अशी माळच्या माळ. एकदा त्या दूधवाल्याचं पोट बिघडलं आणि तो रस्ता सोडून आपल्या घराकडं वळला. त्याच्यामागोमाग सात जीपा त्याच्या गोठ्यात. शेवटची माझी. माझ्या जीपमध्ये एकवीस माणसं आणि एक बोकड. माणसांना वाटलं कामशेत आलं, ती उतरून बाजार शोधायला लागली. एका म्हातारीनं म्हशीला लोणावळा लोकलची वेळ विचारली. म्हशीनं सांगितली. सात मिनिटांनी चुकली, एवढंच.

ही गोष्ट मी अडतीस वर्षं सांगतोय. कधी सात जीपांच्या नऊ होतात. गोठा मात्र खरा आहे, अजून उभा आहे, कुणीही जाऊन बघावा.

मी महिपती. पवनानगर ते कामशेत आणि कधीमधी लोणावळ्यापर्यंत वडाप केलं, म्हणजे जीप भरून माणसं ने-आण केली. मागं फळीवर लोंबकळायला बारकू असायचा. तिकोणा पेठेच्या वर त्याची वाडी, सात-आठ घरांची. पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. सव्वीस वर्षांत आम्ही एवढंच बोललो असू. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मग मी जीप विकली. मग गेल्या वर्षी माझी बायको शालू गेली.

शालू गेली तेव्हा सगळे रडले. मी मांडववाल्याला फोन केला, चहाची सोय बघितली, कुणाला कुठल्या गाडीत बसवायचं ते ठरवलं. दहाव्याला पाव्हणे म्हणाले, महिपती खंबीर आहे. मी खंबीर नव्हतो. मला काही लागतच नव्हतं. जेवण खाऊन झालं की कळायचं, जेवलो. गोष्टी मात्र तोंडातून चालू होत्या, बंद नळातून थेंब येतात तशा.

पायाचं त्याच सुमारास कळलं. साखर मला बारा वर्षं आहे. एक दिवस पारावरून घरी आलो तर एका पायात चप्पल नव्हती. कुठं सुटली ते कळलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मुलीनं, प्रेरणानं, मला लोणावळ्याला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. मी तळव्याला प्लॅस्टिकचा दोरा टेकवणार. लागला की हो म्हणायचं."

मी डोळे मिटले. उजव्या पायाला मला दोराही लागला नाही आणि बाईंचा हातही लागला नाही. पण बाईंच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. वाकल्या की वाजायच्या. वाजल्या की मी हो म्हणायचो. बाईंनी कागदावर लिहिलं, संवेदना ठीक. प्रेरणा म्हणाली, "मग चपला काय भुतानं नेल्या?" मी म्हणालो, "भुताचा नंबर आठ, माझापण आठ." ती हसली आणि विषय संपला.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिनं गाडी घेतली. ती तळेगावकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे, जायला-यायला कंपनीची बस. गाडी आठवडाभर दारात. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही, आणि वर एक कला: वेग ठरवून बटण दाबलं की गाडी आपलीआपण चालते, पुढं कुणी आलं की आपलीआपण हळू होते. प्रेरणानं मला शेजारी बसवून हायवेवर दाखवलं.

"आप्पा, नीट ऐका. पुढची हळू झाली की ही हळू. पुढची गेली की ही परत ठरवलेल्या वेगाला."

"म्हणजे शेपटी धरते."

"धरते. पण डोकं तुमचं लागतं. घाटात लावायचं नाही, बाजारात नाही, पावसात-धुक्यात तर नाहीच."

"का? हिलापण धुक्यात दिसत नाही?"

"नाही दिसत. आणि उभी राहिलेली गाडी हिला कळेलच असं नाही. आकडा तुम्हाला झेपेल तेवढाच ठेवायचा. पाय ब्रेकपाशी. पाय कुठं?"

"ब्रेकपाशी."

असं मी म्हणालो. पाय खरंच कुठं होता ते सांगायला मला खाली वाकून बघावं लागलं असतं.

पण मला जे समजायचं ते समजलं. अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबणं आणि जोरात दाबणं, हा फरक माझ्या पायाला राहिला नव्हता, आणि ही गाडी तो पायाला विचारतच नव्हती. मला वाटलं, आणखी पाच वर्षं काढतो.

आता बायडाबाई. बारकूची बायको. तिची मूत्रपिंडं गेली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला लोणावळ्याला मशीनवर रक्त धुवायला जावं लागतं, चार तास. एक वार चुकला की पाय सुजतात, दोन चुकले की श्वास लागतो. आधी ती वाडीवरून चालत उतरायची, मग वडाप, मग एसटी, आणि येताना तेच उलटं. एकदा ती पेठेच्या थांब्यावर बसली ती उठेचना. ते मी बघितलं, आणि गाडी दारात उभी होती. प्रेरणा म्हणाली, "न्या की आप्पा. तेवढंच तुमचं मन रमेल." मन रमलं की नाही माहीत नाही. हात कामाला लागले.

बरोबर तिची मुलगी करिष्मा यायची. चोवीस वर्षांची, धरणाकाठी एका कॅम्पवर काम करते. तिथला पिकअप तीच चालवते, तंबू, गाद्या, पाण्याचे जार सगळं तीच आणते. एकदा म्हणाली, "आबा, येताना मी घेऊ का गाडी?" मी तिला एक गोष्ट सांगितली, एका जीपची, जी मालक सोडून दुसऱ्या कुणाच्या हाताला गेली की रिव्हर्समध्येच चालायची, आणि तशीच उलटी तिकोणा गडाच्या पहिल्या दरवाजापर्यंत चढली. ती हसली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

तो मंगळवार होता. माघ महिना, ऊन स्वच्छ, धुकं नाही. वाडीखाली गाडी लावली, उतरून बायडाबाईला हात दिला, ती मागं बसली, करिष्मा माझ्या शेजारी. कामशेतपर्यंत हळू गेलो. जुना हायवे लागला, रस्ता मोकळा होता, मी बटण दाबलं आणि आकडा ऐंशीवर नेला. ऐंशी कशाला? साठ पुरे होते. पण शेजारी पिकअप चालवणारी पोरगी बसली होती.

थोडं पुढं कांद्याचा एक टेम्पो लागला, चाळीसनं चाललेला. आमची गाडी आपसूक हळू झाली आणि त्याच्यामागं गुमान चालायला लागली. मला बरं वाटलं. लाल दिवा समोर, आपण मागं. दहा-बारा मिनिटं तसंच चाललो. मी लावून ठेवलेला ऐंशीचा आकडा विसरलो. मी करिष्माला गोठ्याची गोष्ट सांगत होतो.

"मग म्हशीनं काय सांगितलं?" करिष्मा म्हणाली. तिला पाठ होती, तरी विचारायची.

"म्हशीनं सांगितलं, नऊ सत्तावन्न."

"मागच्या वेळेस नऊ पन्नास होती, आबा."

"टायमटेबल बदललं."

कार्ला फाट्याला टेम्पो उजवीकडं वळला. समोरचा रस्ता मोकळा झाला आणि गाडी पळायला लागली. तिचं काही चुकलं नाही. तिला ऐंशी सांगितलं होतं, ती ऐंशीकडं निघाली. आणि समोर, आमच्याच पट्ट्यात, चिक्कीची खोकी भरलेला एक टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. मागं खुणेला करंजाची फांदी टाकलेली.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. आणखी जोरात दाबला. नाही थांबली. गाडीत काहीतरी पीं पीं वाजायला लागलं. मी खाली बघितलं. माझा पाय ब्रेकच्या शेजारी मॅटवर होता आणि सगळ्या ताकदीनं मॅट दाबत होता. उघडा पाय. चप्पल नव्हती.

डाव्या पायात थोडा जीव होता. तो ब्रेकवर मारला. फांदी चाकाखाली गेली, तिचा आवाज आला, आणि गाडी उभी राहिली. खोक्यांवरची अक्षरं वाचता येत होती. शेंगदाणा, तीळ, काजू. मध्ये दोन वीत जागा असेल.

टेम्पोचा ड्रायव्हर जॅक हातात धरून आमच्याकडं बघत राहिला, मग परत खाली बसला. मला वाटलं आता छाती धडधडेल. धडधडली नाही. मी खोक्यांवरची नावं परत एकदा वाचली.

करिष्मानं हात लांबवून धोक्याचे दिवे लावले. म्हणाली, "आबा, पार्किंगला टाका." मी टाकलं.

मागून बायडाबाई बोलली. "भाऊ, तुमची चप्पल माझ्यापाशी हाय."

मी आरशात बघितलं. तिच्या मांडीवर, पदराखाली, माझी उजवी चप्पल होती.

"कुटं घावली?"

"आमच्या वाडीखाली. तुमी मला हात दिला तवाच सुटली. म्या उचलली. म्हनलं, बघू कुटं इचारतात."

"मग?"

"मग काय. कामशेत गेलं. तुमी न्हाई इचारलं."

"कधीपासून ठाव हाय तुला, वहिनी?"

"दिवाळीच्या आधीपासनं. तुमच्या टाचेला बाभळीचा काटा होता, बोटाएवढा. तुमी तसंच चालत हुता, आन् मला बोकडाची गोष्ट सांगत हुता."

"बोलली का न्हाईस?"

तिनं खरं सांगितलं, आणि खाली बघून नाही सांगितलं. "गाडी तुमच्या लेकीची. माझ्या पोरीला चालवाया द्या, आसं आमी वाडीवरच्यानी कसं म्हनायचं? आन् तुमी चालवायचं सोडलं, तर मी जानार कशी? म्हनून गप ऱ्हायले. तुमीबी गप, मीबी गप."

करिष्मा समोर बघत होती. "मी एकदा विचारलं होतं," ती म्हणाली. "जीप तिकोण्यावर उलटी चढली."

मला गोष्ट सुचत होती. चप्पल तिच्या मांडीवर का गेली याची चांगली गोष्ट झाली असती, बारकूलाही त्यात आणता आलं असतं. मी दार उघडलं आणि उतरलो. रस्त्यावर खडी होती. मला कळलं नाही, दिसली म्हणून कळलं. गाडीला हात लावत लावत पलीकडं गेलो.

"तिकडं बस," मी करिष्माला म्हणालो. "अकराला नंबर आहे आईचा."

ती सरकली. सीट पुढं घेतली, आरसा नीट केला. बटणाकडं तिनं बघितलंही नाही. गाडी मागं घेतली, आरशात बघून वळवली आणि पन्नासनं चालवायला लागली. चांगली चालवत होती. वळणाच्या आधी हळू व्हायची, वळणात नाही. हे मला बारकूला शिकवायला दोन वर्षं लागली होती.

वलवणजवळ बायडाबाईनं चप्पल पुढं दिली. मी ती पायात घातली, हातानं ओढून, डोळ्यांनी बघून.

अकराला पाच कमी असताना ती आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसून प्रेरणाला फोन लावला.

"माझ्या उजव्या पायाला काही कळत नाही," मी म्हणालो. "आज ब्रेक लागला नाही. थोडक्यात वाचलो. गाडी आता करिष्मा चालवणार."

"आप्पा, मी कारखान्यात लाइनवर आहे. संध्याकाळी सांगा. म्हैस आहे का ह्यात?"

"म्हैस नाही."

फोनमध्ये तिच्या मागं यंत्राचा आवाज येत होता. "डॉक्टरांनी तर ठीक लिहिलंय."

"ते खोटं आहे. घरी ये, दाखवतो."

संध्याकाळी ती आली. पर्स खाली न ठेवता म्हणाली, "दाखवा." मी ओट्यावर पाय पसरून बसलो. तिला केरसुणीचा एक हीर काढायला सांगितला.

"डोळे मिटतो. कुठंही टेकव. लागलं की सांगेन."

ती समोर बसली.

"आधी हातातल्या बांगड्या काढ," मी म्हणालो.

"कशाला?"

"वाजतात."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग एकेक बांगडी काढून फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. चार होत्या. मग काहीच आवाज नाही. मी डोळे मिटून वाट बघत होतो. रस्त्यावरून एक जीप गेली, तिच्या पत्र्यावर कुणीतरी दोन थापा मारल्या.

"आता?" प्रेरणा म्हणाली.

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

आणखी चार-पाचदा तिनं विचारलं, मी न्हाईच म्हणालो. नंतर गुडघ्याच्या जरा खाली काहीतरी बारीक टोचलं.

"तितं लागलं," मी म्हणालो.