न चाळलेलं आकाश

माझ्या दिराने भर बैठकीत माझेच आलेख माझ्या तोंडावर फेकले, आणि तेही हसत. फेकले म्हणजे पडद्यावर दाखवले. पण लागायचे तेवढे मला लागलेच.

"वहिनी," तो म्हणाला, आणि खोलीत बाकीचेही लोक आहेत हे आठवून सावरला, "म्हणजे मॅडम, हे तुमच्याच वेधशाळेने प्रसिद्ध केलेले वर्षभराचे निकाल. यात आमच्या उपग्रहांचा आवाज कुठे आहे, तेवढं फक्त दाखवा."

मंत्रालयाचा चौथा मजला, लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात एसीचं पाणी बादलीत टपटपतंय. मी अशा बैठकांना बरीच वर्षं जाते आहे. कुठली फ्रिक्वेन्सी कुणी वापरायची हे सगळे देश मिळून एका जागतिक परिषदेत ठरवतात, आणि तिथे आपल्या देशाने काय बोलायचं ते आधी या टेबलावर ठरतं. दिराची कंपनी उपग्रहांवरून इंटरनेट देते. तिच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याला लागूनच एक चिंचोळा पट्टा आहे, तो आमचा. त्यात कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, असा जगभरचा नियम आहे. मरू घातलेल्या ताऱ्यांभोवती जो वायू जमतो, त्याचा आवाज, म्हणजे रेडिओलहरी, नेमका त्या पट्ट्यात येतो. तो आवाज कुठे यावा हे निसर्गाने ठरवलंय, आणि मंत्रालयात बैठक घेऊन ते बदलत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस हळू आवाजात काहीतरी सांगू पाहतोय आणि बाजूच्या खोलीत कुणी मिक्सर लावलाय, तशी आमची गत. कंपनीचा आवाज कुंपण ओलांडून आमच्याकडे सांडतो. आता तो आणखी सांडायची परवानगी तिला हवी होती.

आणि मला या टेबलावर बसायचा हक्क होता, कारण वेधशाळेत नको असलेले आवाज शोधून बंद करणं हे माझं काम. अँटेना लावलेली जीप घेऊन मी परिसरभर फिरते. कुणाची ट्यूबलाइट फुरफुरते, कुणाच्या वेल्डिंग मशीनची ठिणगी आमच्या कानात जाते, ते मला कळतं. मी आले की शुकशुकाट, म्हणून वेधशाळेच्या वसाहतीतली मुलं मला शुकशुकबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण मला तेही ऐकू येतं.

तर शुकशुकबाईंना त्या दिवशी एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता येईना. आलेख खरोखरच स्वच्छ होते. स्वच्छ होते कारण आमच्याकडे चाळणी आहे.

चाळणी म्हणजे एक संगणकीय प्रोग्रॅम. निरीक्षणात जिथे बाहेरचा आवाज घुसला, तेवढा तुकडा ती कुणी बघायच्या आत फेकून देते. मग राहिलेली कसर आम्ही दुर्बीण जास्त वेळ लावून भरून काढतो. एका दिवसाचं काम दोन दिवसांत, पण निकाल कसा, आरशासारखा. सगळ्या जगात आमच्या निकालांची वाहवा आहे. आणि न चाळलेला माल साठवायला जागा नाही म्हणून तो दर आठवड्याला पुसला जातो. कुरकुर करायची नाही, हा आमच्याकडचा शिष्टाचार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, आणि वर बुक्क्यांचे वळही पुसून टाकायचे.

मी हे सगळं त्या टेबलावर सांगितलं.

"म्हणजे कचरा होता, तो तुम्हीच फेकलात, आणि आता तो आमचा होता असं म्हणता," दीर म्हणाला. चोर तो चोर, वर शिरजोर. पण पुरावा आम्हीच दर आठवड्याला पुसत आलो होतो.

अध्यक्षबाई फार बोलत नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पुढच्या बैठकीपर्यंत नुकसानीचा पुरावा आला नाही, तर आपला देश हरकत नाही असं कळवील. मग परिषदेत तुमच्या बाजूने बोलायला आपलं कुणी नसेल."

परतीच्या गाडीत आमचे संचालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जाऊ द्या हो. एक पट्टा गेला तर गेला. बाकीचे आहेत."

"आज हा गेला की उद्या शेजारचा मागतील, सर. त्यांना बोट दिलं की हात धरतात."

"कंपनी मोठी आहे."

"दुर्बीणही काही लहान नाही," मी म्हणाले. पण मनातून मी घाबरले होते. या ताऱ्यांपायी मी उभं आयुष्य घातलंय. तो पट्टा गेला तर त्यांच्यापुरती आमची एवढी मोठी दुर्बीण म्हणजे गंजायला ठेवलेली कढई.

घरी आले तर सासूबाई ओट्यापाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि धाकट्या लेकाशी फोनवर बोलून झालं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. आमच्या वसाहतीत मोबाइल नाही, वायफाय नाही, मायक्रोवेव्ह नाही. भिंतीला तारेचा फोन आहे. लेकाच्या कंपनीमुळे जग जोडलं जातं आणि सुनेच्या नोकरीमुळे आपल्याला लेकाचा चेहरासुद्धा दिसत नाही, हे गाऱ्हाणं त्या रोज मांडतात. नवरा अशा वेळी वह्या तपासायला बसतो. तो शाळामास्तर आहे आणि घरच्या भांडणात तटस्थ राष्ट्र.

"धाकटा म्हणत होता, वहिनीला आज गप्प केलं," सासूबाई म्हणाल्या.

"केलं, आई. विचारत होते, खडे कुठे आहेत."

"कसले खडे?"

मी सांगितलं. त्यांना पट्टे-बिट्टे कळले नाहीत, त्यात त्यांना रसही नव्हता. त्यांनी सुपाच्या कडेला जमलेले खडे मला दाखवले. "मी हे रोज टाकते म्हणून वाण्याला वाटतं त्याचा तांदूळ चांगला. एकदा न निवडता शिजवून त्यालाच जेवायला बोलवायला हवं."

एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. मी मात्र चहा तसाच ठेवून नियंत्रणकक्षात गेले आणि चाळणी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांच्या खोलीत सगळे खगोलशास्त्रज्ञ जमले होते. घाण आकडे थेट वेधशाळेच्या संकेतस्थळावर गेले होते, आणि कुठूनकुठून विचारणा येत होती की तुमची यंत्रं बिघडली का.

"नाक कापलंत आमचं," एक जण म्हणाला.

"हे हात दाखवून अवलक्षण झालं," संचालक म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची होती. चाळणी चालू करा."

"नाही करणार."

मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

"सर, इतकी वर्षं आपण सोसलं आणि सोसतोय हेही लपवलं. आता ते म्हणतात, तुम्हाला काही झालंच नाही. बाहेरच्या आवाजाचा विभाग माझ्याकडे आहे. चाळणी माझ्या अधिकारात येते. ती बैठकीपर्यंत बंद राहील. नंतर मला काढायचं तर काढा, तेही जाहीर करा, नाहीतर तेही चाळाल."

शेवटचं वाक्य जरा लागलंच त्यांना. पण ते उठून गेले नाहीत, आणि चाळणी बंदच राहिली.

मग मी अध्यक्षबाईंना फोन केला. "कागद आणला तर रंगवून आणला म्हणतील. पुढची बैठक आमच्याकडे घ्या."

त्या आल्या. दीरही आला, त्याच्याबरोबर कंपनीचा वकील. फाटकावर सगळ्यांचे मोबाइल आणि घड्याळं लोखंडी पेटीत गेली. दिराने आपलं घड्याळ काढताना इतका वेळ लावला की पहारेकऱ्याला त्याची दया आली.

नियंत्रणकक्षात मी पडद्यावर एकच रेघ ठेवली होती. सपाट रेघ, आणि मध्ये दोन बारीक शिंगं. "हा तारा," मी म्हणाले. "भोवतीच्या वायूचा एक थर आपल्याकडे येतोय आणि एक पलीकडे जातोय, म्हणून दोन शिंगं. हे आत्ताचं आहे. मध्ये चाळणी नाही."

सगळे बघत राहिले. भर दुपार होती. आमच्या दुर्बिणीला रात्रीची गरज लागत नाही. मग रेघेचा एक काठ थरथरला, वर चढला, आणि बघता बघता शिंगं बुडाली. पडद्यावर नुसतं रान माजलं. बऱ्याच वेळाने ते ओसरलं, शिंगं परत दिसली, आणि नीट दिसतायत तोवर पुन्हा बुडाली. मी एक शब्द बोलले नाही. मला बोलायचं खूप होतं.

"हे आमच्याच उपग्रहांचं कशावरून?" दीर म्हणाला. "तुमचं यंत्रही खराब असू शकतं. तुमच्याच संकेतस्थळावर लोक तसं विचारतायत."

याच वाक्याची मी वाट बघत होते. मी तारेचा काळा फोन उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"भाऊजी, तुमच्या नियंत्रणकक्षाचा नंबर तुम्हाला पाठ आहे. एखादा भूभाग वगळून प्रसारण थांबवता येतं, हे तुमच्याच माहितीपत्रकात आहे. आमच्या डोक्यावर पाच मिनिटं थांबवायला सांगा. रान तसंच राहिलं तर यंत्र माझं खराब. मी इथेच, सगळ्यांसमोर, हरकत मागे घेते."

त्याने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने नकारार्थी मान हलवली, अगदी जराशी. दिराचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. लहानपणी हा आमच्या लग्नात माझा पदर धरून फिरत होता; त्याचा चेहरा पडलेला बघून मला वाईट वाटलं. पण मी फोन मागे घेतला नाही.

तेवढ्यात फोनच वाजला. सगळे दचकले. मी उचलला.

"तो आलाय ना?" सासूबाई. "जेवायला थांबतोय का विचार. आणि त्याच्याकडे दे."

मी दिला. त्याने रिसीव्हर कानाला लावला, "हो आई, येतो," म्हणाला, थोडं ऐकून घेतलं, पुन्हा "हो" म्हणाला, आणि रिसीव्हर जागेवर ठेवून दिला.

अध्यक्षबाई फोनकडे बघत होत्या. "रिसीव्हर हातात आलाच होता," त्या म्हणाल्या, "तर तुमच्या नियंत्रणकक्षालाही एक फोन लावून टाकायचा."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "लिहून घ्या. आपल्या देशाची हरकत आहे. सांडणाऱ्या आवाजाची मर्यादा शिथिल करायला आपला विरोध राहील."

संचालक खाकरले. "परिषदेला आमच्याकडून मॅडम जातील," ते म्हणाले, "आणि आकडे असेच नेतील. न चाळता."

दीर माझ्याबरोबर चालतच घरी आला. घराच्या फाटकाशी म्हणाला, "वहिनी, परिषदेत मी पण असणार आहे. तिथे एवढं सोपं जाणार नाही."

"नका जाऊ देऊ," मी म्हणाले. "इथे तरी कुठे सोपं गेलं?"

सासूबाईंनी पानं मांडली होती. पहिल्याच घासाला दीर थबकला, जिभेने काहीतरी शोधलं, आणि एक बारीक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"आई, तांदूळ निवडला नाहीस का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याला आणखी भात वाढला.