खुंटीचा आवाज

शेजारच्या सुतारखान्यातली करवत दुपारी एक ते तीन बंद असायची. त्या दोन तासांत जेवढं वाजेल तेवढंच रेकॉर्ड व्हायचं. खिडक्यांवर ब्लँकेटं ठोकलेली, पंखे बंद, कोपऱ्यातल्या फ्रिजची वायरसुद्धा उपटलेली. चेलोवाली घामाने निथळत होती. पियानोवर तिची नणंद होती. घरी या दोघींचं मिठाच्या बरणीवरूनही वाजायचं, पण इथे एकीने श्वास घेतला की दुसरीला कळायचं. काचेपलीकडे मशीनपाशी बसणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. दोन खोल्यांपलीकडचं घड्याळ त्याला ऐकू यायचं आणि त्यापायी बिचाऱ्याची झोप उडायची.

हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून सर बसले होते.

सरांनीच तिला चेलो शिकवला. गज धरण्यापासून सगळं त्यांचंच. शंभर वर्षांपूर्वीच्या, कुणी न विचारलेल्या तीन रचनाकार बायकांचे चेलो-पियानोसाठीचे सोनाटे ती रेकॉर्ड करत होती. दोन झाले होते. तिसरा तेवढा छापलेला होता आणि तो सरांनीच तरुणपणी हस्तलिखितावरून छापला होता. कंपनीने अट घातली होती, की प्रस्तावना सरांची हवी. सरांचं नाव असेल तरच रेकॉर्ड निघणार, नाहीतर मग बघू. कंपनीचं ‘मग बघू’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

सगळा घोळ एका सुराचा होता. तिसऱ्या सोनाट्यातल्या संथ भागाच्या शेवटी त्या बाईने चेलोला असा सूर दिला होता, जो चेलोवर नाहीच. सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की वाद्याचा तळ लागतो. हिने त्याच्याही अर्धा सूर खाली लिहिलेलं. सरांनी छापताना तो सूर उचलून वरच्या सप्तकात नेऊन ठेवला आणि खाली तळटीप दिली, “रचनाकार बाईंना या वाद्याचा आवाका ठाऊक नसावा.” दरवर्षी वर्गात ते ही टीप वाचून दाखवत आणि वर्ग खो खो हसे. एकोणीस वर्षांची चेलोवाली तर सगळ्यांत मोठ्याने हसली होती. तिने आपल्या प्रतीत टिपेशेजारी पेन्सिलीने लिहिलंही होतं, “बिचारी!” ती प्रत आजही तिच्या स्टँडवर होती.

पंधरा दिवसांपूर्वी मूळ हस्तलिखिताची फोटोप्रत हाती आली तेव्हा तालमीत नणंदच आधी वैतागली होती.

“वहिनी, हे काय गं? छापलेल्यात इथे आठच मात्रा मी एकटी आहे. हिने तर बत्तीस लिहिल्यात! आणि डाव्या हाताला एकच सूर, दारावरची बेल वाजवत बसल्यासारखा. तू तोवर काय करणार, माशा मारणार?”

“कुठला सूर?”

नणंदेने वाजवून दाखवला. तोच, चेलोवर नसलेला.

चेलोवालीचा हात आपसूक खुंटीकडे गेला. बाईने बत्तीस मात्रा उगीच दिल्या नव्हत्या. तेवढ्या वेळात जाड तारेची खुंटी सैल करायची, पियानो कानात सूर घालतोय तिथवर तार उतरवायची आणि मग तो सूर वाजवायचा. वाद्याचा आवाका तिला पुरेपूर ठाऊक होता. सरांनी ‘नुसतं दळण’ म्हणून चोवीस मात्रा छाटल्या आणि वर तिलाच अडाणी ठरवलं. त्या दिवशी चेलोवालीला आधी आनंद झाला आणि मग इतकी लाज वाटली, की तिला जेवण गेलं नाही.

आता सरांनी फोटोप्रत लांब धरून पाहिली आणि परत दिली.

“हे तू तुझ्या मनाचं घालतेयस. वाजवता वाजवता तार उतरवायची, असं कुठे लिहिलंय तिने?”

“लिहिलं नाही, सर. वेळ दिलाय.”

“पन्नास वर्षं मी हे शिकवतोय.”

“मीही बारा वर्षं शिकवलं. तुमचंच. म्हणून तर वाजवायचंय.”

“छापल्याप्रमाणे वाजव. नाहीतर माझी प्रस्तावना विसर.”

नणंदेने हळूच सुचवलं, “वहिनी, थांबून तार लावू, मग पुढचं वाजवू. कानसेन जोडून देईल, कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“कळायलाच हवं,” चेलोवाली म्हणाली. “तिने दिलेल्या वेळातच होतं, हे कळायला हवं.”

पहिल्या खेपेला खुंटी हातातून निसटली आणि तार पार ढिली पडली. दुसऱ्या खेपेला सूर केसभर चढा लागला. सर नुसते हसले. ते हसू तिच्या ओळखीचं होतं, वर्गातलंच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीनला सात मिनिटं होती. “परत,” ती म्हणाली.

नणंद एकटी वाजवू लागली. चेलोवालीने गज मांडीवर टेकवला, जाड तारेवर अंगठा ठेवला आणि खुंटी पिळली. कुर्र. पियानोतला सूर पुन्हा पुन्हा येत होता, ये, ये, अजून खाली. सव्वीस, सत्तावीस. तार थांबली. तिसाव्या मात्रेला गज उचलला. आणि मग तो सूर आला, जमिनीखालून आल्यासारखा. चेलोवालीच्या पोटरीपर्यंत थरथर गेली. नणंदेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते पुसलंही नाही, कारण हात मोकळे नव्हते.

शेवटचा सूर विरला आणि शेजारी करवत सुरू झाली.

काचेपलीकडून कानसेनचा आवाज आला, “ताई, अप्रतिम! फक्त खुंटीची कुर्र आलीय. दोन मिनिटांत पुसतो.”

सर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तोच होता. “पुसा ती. मी लिहीन, की फेरतपासणीत हस्तलिखिताचा नवा पाठ हाती आला. तुझं काम होईल, माझंही नाव राहील.”

मोह झाला नाही असं नाही. दोन वर्षांची मेहनत होती, आणि समोर गज धरायला शिकवलेला माणूस.

“सर, नवं काही हाती आलेलं नाही. ते तिथेच होतं. आपणच छाटलं, असं लिहाल?”

“एवढ्याशा कुर्रसाठी रेकॉर्डवर पाणी सोडशील?”

“शंभर वर्षं ही बाई कुणाला ऐकू आली नाही, सर. ती काय करत होती ते आता ऐकू येतंय. कानसेन, हात लावायचा नाही.”

सर गेले. दार त्यांनी आपटलं नाही, एवढा त्यांचा मान ठेवायला हवा.

त्याच संध्याकाळी तिने कंपनीला कळवून टाकलं, “तिन्ही सोनाटे निघतील, आहेत तसे आणि सरांच्या प्रस्तावनेशिवाय. नाहीतर एकही नाही.” कंपनीने चार दिवस कुरकुर केली आणि मग एका ओळीत विचारलं, “ठीक, पण प्रस्तावना कोण लिहिणार?”

नणंदेने कागद आणून समोर ठेवला. “बस. आणि सरांना चांगलं झोड.”

चेलोवालीने जुनी प्रत उघडली, ती तळटीप आणि शेजारचं आपलं अक्षर पाहिलं, आणि पहिलं वाक्य लिहिलं, “एकोणिसाव्या वर्षी मी या बाईला हसले होते.”